चौदा घरं, दोन अंगणं

२०१८ च्या मे महिन्यात, नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यांत तापलेले नऊ दिवस) लागायला आठवडा असताना, मी त्या वस्तीत एक रात्र मुक्कामाला गेले. तोवर माझ्या हातात सगळे कागद होते: जागेची मोजणी, मंजूर घरकुलांची यादी, कार्यालयातून आलेला प्लॉटचा नकाशा. चौदा कुटुंबं. धाम नदीला मिळणाऱ्या एका नाल्याच्या काठावर दोन पिढ्या राहिलेली. मोठ्या पावसात घरात पाणी शिरायचं, म्हणून ग्रामपंचायतीने अर्ध्या किलोमीटरवर, उंचवट्यावर २० गुंठे जागा दिली होती. मी वर्ध्यात घरांची डिझाइनं करते. मला बोलावलं ते फक्त "नकाशा जरा नीट करून द्या" एवढ्यासाठी.

रात्री नऊला जेवणं आटोपली आणि घराघरांतून बाजा, म्हणजे खाटा, बाहेर निघाल्या. मी मोजल्या: तेवीस. पुरुषांच्या आणि पोरांच्या बाजा अंगणात, बायांच्या सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, किंवा सपरीच्या अगदी कडेला. घरात कोणीच झोपलं नाही. ज्यांच्या घरावर स्लॅब होती ते तर सगळ्यांत आधी बाहेर आले. दिवसभर तापलेली स्लॅब अर्ध्या रात्रीपर्यंत खाली उष्णता सोडत राहते, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. अकरा वाजेपर्यंत बाजेवरून बाजेवर बोलणं चाललं. पऱ्हाटीला (कपाशीला) औंदा कोणतं बियाणं, कोणाची पोरगी पुलगावला दिली, कोणाच्या बकरीला काय झालं. मी जिच्या सपरीत झोपले त्या मावशींनी त्या तासाभरात चार घरांची खबर घेतली, एकदाही बाजेवरून न उठता.

सकाळी मी कार्यालयाचा नकाशा पुन्हा उघडला. त्यात तेवीस बाजा कुठे टाकायच्या, ते सापडेना.

तो नकाशा चुकीचा होता असं नाही. ११० फूट बाय १९८ फूट जागा, मधोमध ३० फुटांचा उत्तर-दक्षिण रस्ता, दोन्ही अंगांना सात-सात प्लॉट, प्रत्येकी २५ बाय ४०, म्हणजे १००० चौरस फूट. कागदावर स्वच्छ, मोजायला सोपा, वाद कमी. पण रस्ता उत्तर-दक्षिण असल्याने पूर्वेकडच्या सातही घरांचं तोंड पश्चिमेला येत होतं. विदर्भात मे महिन्यात दुपारी तीन ते सहाचं ऊन ज्या घराच्या तोंडावर येतं, त्या घरात माणूस बसत नाही. पारा ४५ च्या पुढे गेलेला असतो आणि सूर्य तिरपा होऊन सरळ दारातून आत येतो. त्याला छज्जा अडवू शकत नाही. भर दुपारचं ऊन अडवणं त्यामानाने सोपं. मेच्या चौथ्या आठवड्यात वर्ध्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, अडीच फुटांचा छज्जा तेव्हा पुरतो. पश्चिमेला मात्र झाड हवं, नाहीतर जाड आंधळी भिंत.

दुसरी गोष्ट, जागेत एक निंब होता. जुना, डेरेदार. तो प्लॉट ३ आणि ४ च्या हद्दीवर येत होता, म्हणजे पहिला जाणार तोच.

पोर कोणापाशी ठेवता?

प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटायचे असं ठरलेलं होतं. मी सरपंचांना म्हटलं, आठ दिवस थांबा. मग घरोघर जाऊन बायांना एकच प्रश्न विचारला: कापूस वेचायला गेल्यावर पोर कोणापाशी ठेवता?

शेजारी कोण हवा, असं सरळ विचारलं असतं तर सगळे म्हणाले असते, आमचं सगळ्यांशी बरं आहे. पोराच्या प्रश्नाला मात्र प्रत्येकीने क्षणभरही न थांबता नाव सांगितलं. ती नावं कागदावर जोडत गेले तर दोन गोट आपोआप पडले, एक सातचा, एक सहाचा. एक म्हातारे आजोबा एकटे राहिले. त्यांच्यापाशी कोणी पोर ठेवत नव्हतं आणि त्यांनाही कोणाची गरज नव्हती असं ते म्हणाले. त्यांना सहाच्या गोटात धरलं.

इथे एक गोष्ट लपवणार नाही. चौदा घरांत तीन जातींची कुटुंबं होती आणि पोराच्या प्रश्नाने जे गोट पडले ते बऱ्याच अंशी जातीवरून पडले. मला ते खटकलं. दोन गोटांतल्या दोन विधवा बायांची घरं आपसांत बदलता येतील का, असं मी विचारलं. त्यातली एक तयार झाली, कारण तिची माहेरची एकजण पलीकडे होती. दुसरी म्हणाली, "मले माह्या जागी राहू द्या ताई, तुमचं चित्र सुधराले मी कायले जाऊ?" ती बरोबर होती. अंगण काढल्याने जात जाते असा माझा दावा नाही. पोळ्याला एकाच झाडाखाली सगळ्यांचे बैल उभे राहिले, एवढं मी नंतर पाहिलं. पण कोणाच्या घरचं पाणी कोण पितं, हे नकाशाने बदलत नाही.

हजारातले पावणेतीनशे

वस्तीपुढे मी जो आराखडा ठेवला त्यात रस्ता मधून काढून टाकला. गावचा रस्ता पूर्वेला होताच, तेवढा पुरे. जागेचे दोन भाग केले, प्रत्येक भागात सात घरं आणि मधे ३५ बाय ७५ फुटांचं अंगण, पूर्वेला उघडं, म्हणजे ट्रॅक्टर किंवा गाडी वेळ पडली तर आत येऊ शकेल. तीन घरं उत्तरेला, तीन दक्षिणेला, एक पश्चिमेला पाठ करून. पश्चिमेच्या दोन्ही कोपऱ्यांत बकऱ्यांचे कोठे, खताचा खड्डा आणि झाडं. उत्तरेकडचं अंगण निंबाभोवती बसलं. दक्षिणेकडच्या अंगणात झाड नव्हतं.

याची किंमत अशी की प्रत्येकाचा प्लॉट १००० वरून ७२५ चौरस फुटांवर आला. हे पटवायला दोन महिने गेले आणि हा भाग मी मुद्दाम सविस्तर सांगते, कारण सामूहिक वस्तीची बहुतेक चांगली चित्रं इथेच फाडली जातात. ज्याने आयुष्यभर स्वतःच्या नावाचा नमुना आठ (ग्रामपंचायतीचा घर-जागेचा उतारा) पाहिला नाही, त्याला "तुमचे पावणेतीनशे फूट सगळ्यांचे करा" म्हणणं ही साधी मागणी नाही. सभेत एकाने विचारलं, "मंग आंगण कोनाच्या नावावर राहीन?" ग्रामपंचायतीच्या, असं उत्तर दिलं. "म्हणजे कोनाच्याच नाही. उद्या कोणी कुंपण घातलं तं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर मावशींनी दिलं. त्या म्हणाल्या, "सात दारं त्याच्याकडं तोंड करून हायेत जी. कुंपण घालणाऱ्याले रोज सात बाया दिसतीन."

शेवटी पटलं ते वेगळ्याच हिशेबाने. जुन्या वस्तीत प्रत्येकाच्या स्वतःच्या अंगणाला किती जागा होती, ते आम्ही सुतळीने मोजलं. जवळपास कोणाचंच अंगण स्वतःचं नव्हतं. बाजा जिथे पडत होत्या ती जागा आधीपासून सामाईकच होती, फक्त कागदावर नव्हती.

मंजुरीच्या वेळी संबंधित कार्यालयाने आराखडा दोनदा परत पाठवला. ठरलेल्या नमुन्यात बसत नाही, हे कारण. मी योजनेचीच गोष्ट पुढे केली: प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचं असतं, ठेकेदार लावता येत नाही, आणि बंधन आहे ते किमान २५ चौरस मीटरचं, स्वयंपाकाच्या जागेसह. दार कुठे असावं हे कुठेच लिहिलेलं नाही. तिसऱ्या वेळी मंजूर झाला.

बाजेचं माप

२५ चौरस मीटर म्हणजे २६९ चौरस फूट. त्यात खोली १० बाय १२, स्वयंपाकघर ८ बाय ९ आणि सपरी ७ बाय ११. बेरीज बरोबर २६९. न्हाणी आणि संडास मागे, वेगळे.

सपरी ७ फूट खोल का, तर बाज सहा फुटांची असते. ती आडवी टाकून पायथ्याशी माणूस जाऊ शकला पाहिजे. घरकुलांच्या नमुन्यात पुढे तीन-साडेतीन फुटांचा व्हरांडा काढलेला असतो. त्यात चपला ठेवता येतात, जगता येत नाही. विदर्भातलं घर सपरीत जगतं. तूर निवडणं, पाहुणा बसणं, म्हाताऱ्याचं दुपारचं पडणं, पोरांचा अभ्यास, बाळंतिणीचं उन्हात बसणं. सपरी मोठी करण्यासाठी मी खोली लहान केली आणि एकाही बाईने त्याला हरकत घेतली नाही. पुरुषांनी घेतली, त्यांना लोखंडी कपाट कुठे ठेवायचं याची चिंता होती.

उत्तरेकडच्या घरांचं तोंड दक्षिणेला येत होतं आणि दक्षिणेचं दार कोणालाच नको होतं. समजूत घालत बसण्यापेक्षा मी खोली सपरीच्या पश्चिमेला घेतली आणि खोलीचं दार सपरीत, पूर्वेला उघडलं. दार पूर्वेचं झालं, सपरी दक्षिणेची राहिली. हिवाळ्यात दुपारचा सूर्य आपल्याकडे अर्ध्या आभाळापर्यंतच चढतो, म्हणजे त्या सपऱ्यांत डिसेंबरभर ऊन येतं. उन्हाळ्यात तो डोक्यावर असल्याने येत नाही. लोकांची श्रद्धा आणि सूर्याचं गणित, दोन्ही एका दारात बसली. स्वयंपाकघर सपरीच्या मागे. चुलीपाशी उभं राहिलं की सपरीतून थेट अंगण दिसतं, पोर कुठे आहे ते कळतं.

पण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते मागचं दार. प्रत्येक घराच्या पाठीशी चार फुटांची बोळ ठेवली. एकत्र राहायचं असेल तर एकमेकांना न भेटता जाता आलं पाहिजे. नवी सून न्हाणीतून येताना सासऱ्यासमोरून, दिरासमोरून, समोरच्या तीन घरांच्या नजरेतून येणार असेल तर ते अंगण तिच्यासाठी जाच आहे. घरात भांडण झालं, डोळे सुजलेत, कोणाला तोंड दाखवायचं नाही, अशा दिवशी मागून निघून जाता यावं. सामूहिक घरांवर लिहिताना आपण माणसं जवळ कशी येतील तेवढंच लिहितो. दूर जायची सोय नसेल तर माणसं आतून कडी लावून घेतात.

याचा धडा मला सेवाग्रामने दिला. वर्ध्यापासून आठ किलोमीटरवर आहे, शेकडो वेळा गेले असेन. १९३६ मध्ये तिथे पहिलं बांधलं ते आदी निवास, आणि सुरुवातीला गांधीजी, कस्तुरबा, सहकारी, पाहुणे असे सगळे त्या एकाच छपराखाली राहत. पुढे बा कुटी, बापू कुटी, अशा वेगवेगळ्या कुट्या झाल्या. म्हणजे व्रतं घेऊन एकत्र आलेल्या माणसांनाही एक छप्पर पुरलं नाही. सामाईक राहिलं ते अन्न, काम, आणि उघड्यावरची प्रार्थनाभूमी, जिला भिंतही नाही. मातीच्या भिंती, बांबू, कवेलू (कौलं), रुंद पडव्या, हे सगळे पाहतात. मला तिथे कुट्यांमधलं अंतर पाहावंसं वाटतं.

माती, पाणी, साप

जागेचा उत्तरेकडचा भाग मुरमाचा, दक्षिणेकडचा काळ्या मातीचा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगांत हात जातो. तिच्यावर उथळ पाया टाकला की दोन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून भिंत तडकते. म्हणून दक्षिणेकडच्या सात घरांचे पाये मुरूम लागेपर्यंत खाली नेले, वर मुरमाची भर आणि जोत्याला लोखंडाची पट्टी. त्या सात कुटुंबांना खर्च जास्त आला. घरकुलाचे १ लाख २० हजार, रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि संडासाचे १२ हजार, हे सगळ्यांना सारखंच. जमीन मात्र सारखी नव्हती. वरचा खर्च चौदा घरांत वाटून घ्यावा असं मी सुचवलं. ते झालं नाही. विटा आणि रेती एकत्र घेतली, त्यात थोडा दिलासा मिळाला.

सांडपाण्याला सगळे शोषखड्डा सांगतात. काळ्या मातीत शोषखड्डा शोषत नाही, महिन्याभरात तुंबतो आणि डास होतात. मुरमात तो चालला. काळ्या मातीच्या बाजूला न्हाणीचं पाणी पाटाने मागच्या परसबागेत नेलं: केळी, अळू, कर्दळ. चौथ्या महिन्यात अळूची भाजी सात घरांत शिजू लागली.

निसर्गाशी नातं हा शब्द आला की चित्रकाराला खिडकीला टेकलेली वेल दिसते. वस्तीतल्या माणसाला त्या वेलीत साप दिसतो. आपल्याकडे मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, कित्येकदा झोपेत कळतही नाही. माझ्या त्या मुक्कामानंतर २०१८ च्याच पावसाळ्यात नागपूरकडे स्क्रब टायफसचे रुग्ण निघाले, तो आजार झुडपांतल्या बारीक किड्यांमुळे होतो. घराभोवतीची जमीन झाडून, सारवून, उघडी ठेवणं हा त्या लोकांचा निसर्गाशी असलेला करार आहे, तुटलेपणा नव्हे. म्हणून घराला लागून एकही झुडूप नाही. अंगण उघडं, झाडं उंच, बाग मागच्या बोळीच्या पलीकडे.

माझ्या हातून काय चुकलं

निंबाभोवती पार बांधायचा होता. बसायला सोयीची उंची १६ इंच, त्याप्रमाणे मी आखला आणि गावात आठ दिवस गेले नाही. मिस्त्रीने बुंध्याला चिकटून विटा लावल्या, आत माती भरली, वरून सिमेंट ओतलं. गावोगावचे पार असेच असतात. पण बुंध्याशी माती चढली आणि मुळांवर सिमेंट बसलं की झाडाचा श्वास कोंडतो. पुढच्या चैत्रात निंबाची एक बाजू फुटलीच नाही. पार फोडला, माती काढली, बुंध्यापासून चार फूट सोडून बिनचुन्याचे दगड रचले. झाड वाचलं. उत्तरेकडची एक फांदी मात्र गेली. मी त्या आठ दिवसांत एकदा जायला हवं होतं.

दुसरी चूक बांबूची. सपऱ्यांवर स्लॅब नको होती, कवेलू वांदरं फोडतात आणि दरवर्षी फेरावे लागतात, म्हणून लोकांनी टिन घेतले आणि उष्णता अडवायला खाली बांबूचे तट्टे लावले. मी दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राच्या कामातली निमुळत्या मातीच्या नळ्यांची कमान सुचवली होती. कुंभार चाकावर त्या नळ्या करतो, एकीत एक बसवून छप्पर होतं, आत गारवा राहतो. लोकांना ते "गरिबाचं" वाटलं. मी आग्रह धरला नाही. पण तट्ट्यांचा बांबू पावसाळा संपता संपता तोडलेला, रसाळ, टाकणखार-बोरिकच्या पाण्यात न बुडवता तसाच वापरला गेला. वर्षभरात घुण लागला. सकाळी उठलं की बाजेवर पिवळा भुसा पडलेला. दुसऱ्यांदा बांबू हिवाळ्यात तोडला, बुडवला, वाळवला. तो टिकून आहे.

तिसरी चूक मोठी आणि ती नकाशातच होती. एका अंगणाला झाड मिळालं, दुसऱ्याला नाही, म्हणून समतोलासाठी मी सामाईक नळ दुसऱ्या अंगणात ठेवला. निंबाचं अंगण, नळाचं अंगण, अशी नावंच पडली. मला वाटलं, पाणी आहे म्हणजे बाया येतील, बाया आल्या म्हणजे अंगण जिवंत राहील.

सावली आणि पाणी

२०१९ च्या उन्हाळ्यात लोक राहायला आले. पहिली दोन वर्षं माझा हिशेब बरोबर ठरला. सकाळी सहा ते आठ नळाच्या अंगणात गलका, दुपारनंतर निंबाच्या अंगणात वस्ती. निंबाला चैत्रात नवी पालवी येते, म्हणजे इतर झाडं झडलेली असताना मे महिन्यात त्याची सावली सर्वांत दाट असते. उन्हाळ्यात तिथे कुरोड्या, पापड, सरगुंडे. नळाच्या बाजूच्या बाया पाट-लाटणी घेऊन या बाजूला यायच्या. तान्ह्या पोळ्याला पोरांचे लाकडी बैल निंबाखालीच. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद होती तेव्हा बारावी झालेली एक पोरगी पारावर लहान पोरांना पाढे म्हणायला लावायची.

मग जलजीवन या सरकारी योजनेतून घराघरांत नळ आले. सामाईक नळ कोरडा उभा राहिला. दोन-तीन महिन्यांत नळाचं अंगण सकाळीही ओस पडलं.

मी तिथे गेले तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की आता इथे कोणी भेटत नाही, वाईट वाटतं. ज्या बाईला मी वर्षानुवर्षं ओळखते, ती भांडी घासता घासता माझ्याकडे पाहत म्हणाली, "नळ घरात आला तं पाठ वाचली जी. भेटाले का पाणीच पाहिजे?"

तो दिवस माझ्या डोक्यातून गेलेला नाही. मी तिच्या डोक्यावरच्या हंड्याला नात्याचं साधन समजले होते. विहिरीवरच्या बायांची चित्रं आपण फार पाहिली आहेत, त्यामुळे आपल्याला असं वाटतं की कष्ट गेले की गोतावळा जातो. निंबाच्या अंगणातही घराघरांत नळ आले होते, तिथे मात्र काही कमी झालं नाही. तिथे बाया काम उरकायला आलेल्याच नव्हत्या, काम उरकल्यावर आल्या होत्या. माणसं जवळ येतात ती रिकाम्या तासात. तो तास घालवायला विदर्भात आठ महिने सावली लागते आणि दोन महिने गार जमीन.

जमिनीवरून आठवलं. ग्रामपंचायतीकडे निधी आला तेव्हा दोन्ही अंगणांत पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरलं. निंबाकडच्या बायांनी साफ नाही म्हटलं, सडा-सारवण कशावर करायचं? नळाकडच्या लोकांनी होकार दिला, पावसाळ्यात चिखल होत होता आणि त्यांची माती काळी, चिकट. त्यांचं कारण खरं होतं. पण त्या उन्हाळ्यात मी रात्री दहाला त्या ब्लॉकवर हात ठेवला तर चटका नाही, पण तव्याची ऊब होती. सारवलेली, दिवसभर सावलीत राहिलेली जमीन तेव्हा गार झालेली असते. त्या रात्री मोजलेल्या बाजा: निंबाच्या अंगणात एकोणीस, नळाच्या अंगणात चार. त्या एकोणिसांतल्या पाच पलीकडच्या घरांतून उचलून आणलेल्या.

हा फरक एकट्या झाडाचा की एकट्या पेव्हर ब्लॉकचा, हे मी वेगळं करून सांगू शकत नाही. दोन्ही एकाच बाजूला पडले. निंबाची बाजू मुरमाची, तिथे चिखलच कमी होता, म्हणून तिथल्या बायांना नाही म्हणणं परवडलं. जमिनीच्या पोताने कोणाच्या अंगणात ब्लॉक यायचे ते ठरवलं, असंही म्हणता येईल. पहिल्या दिवशी नकाशा काढताना हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. काळ्या मातीच्या अंगणाला फूटभर मुरमाची भर आणि पूर्वेकडे पाण्याला उतार एवढं केलं असतं तर ब्लॉकची गरज पडली नसती.

समाजमंदिराचंही एका वाक्यात सांगते: वस्तीच्या तोंडाशी एका निधीतून ते बांधलं गेलं, माझा त्याला विरोध होता, आज तिथे सोयाबीनची पोती आहेत.

नळाच्या अंगणाचं पुढे असं झालं. २०२२ मध्ये तिथल्या सहा घरांनी मिळून मधले ब्लॉक काढले, साधारण दहा बाय दहाचा चौकोन मोकळा केला. ते काढलेले ब्लॉक मागच्या बोळीत टाकले, जिथे पावसात खरोखर चिखल व्हायचा. चौकोनात निंबाचं रोप लावलं. ते रोप त्या एकट्या आजोबांनी जगवलं. त्यांचं घर पश्चिमेचं, अंगणाच्या टोकाला. सकाळी न्हाणीचं उरलेलं पाणी बादलीने आणून घालायचे, बकऱ्यांपासून वाचवायला बाभळीचे काटे लावायचे. तोवर उन्हाळ्यापुरता बांबूचा मांडव, वर पऱ्हाट्या आणि हिरवी जाळी. मांडव घालायला सातही घरांची माणसं येतात, आजोबा बाजूला उभे राहून दोरी कशी बांधायची ते सांगतात. कोरड्या नळाचा ओटा फोडला नाही. त्यावर रांजण ठेवला आहे, तो रोज कोण भरतं ते मी विचारलं तर तिघींची नावं निघाली.

यंदाच्या मे महिन्यात दुपारी तीनला गेले होते. त्या निंबाची सावली आता एका बाजेएवढी झाली आहे. आजोबा तिच्यावर झोपलेले होते आणि बाजेखाली, त्यांच्या सावलीच्या सावलीत, शेजारच्या घरातलं दोन वर्षांचं पोर.